कड्याची अट

माझी आसावरी, म्हणजे असू, आठ महिन्यांची असताना तिची पहिली परीक्षा झाली आणि ती दुसऱ्याच दिवशी नापास झाली. आमच्या घरात याआधी कोणी नापास झालेलं नव्हतं. म्हणजे माझ्या नवऱ्याचा, परीक्षितचा, एक मावसभाऊ आहे, पण त्याचा विषय कोणी काढत नाही.

परीक्षा चांदीची होती. ती का द्यावी लागली ते आधी सांगते.

ब्रिस्टलमध्ये आमच्या घरापासून बगी, म्हणजे बाबागाडी, ढकलत जाता येईल एवढ्या अंतरावर तीन चाइल्डमाइंडर होत्या, स्वतःच्या घरी मुलं सांभाळणाऱ्या बायका. पहिलीच्या जिन्याला वरच्या टोकाला फाटक नव्हतं. दुसरीकडे फाटक होतं, पण तिच्या कुत्र्याने असूकडे ज्या नजरेने बघितलं ती मला आवडली नाही. परीक्षित म्हणाला, ‘कुत्रा झोपला होता, सुनीती.’ मी म्हटलं, एक डोळा उघडा होता.

तिसरी ह्वे. चाळिशीची, दिसायला व्हिएतनामी, बोलायला अस्सल ब्रिस्टलची. दहा-बारा वर्षांची असताना आईबरोबर बोटीतून निघाली होती, आणि दोघी फिरत फिरत इथे येऊन पोचल्या. तिच्याकडे जिन्याला दोन्ही टोकांना फाटकं होती. मी गुडघ्यांवर बसून सगळे प्लग तपासले, प्रत्येकाला झाकण होतं. औषधांच्या कपाटाला कुलूप होतं आणि कुलपाची किल्ली कुठे आहे हे तिने मला सांगितलं नाही. याच गोष्टीने मी पूर्ण विरघळले.

तिच्याकडे एकच जागा होती, सोमवार तीन सप्टेंबरपासून. माझी मॅटर्निटी लीव्ह त्याच दिवशी संपत होती. शहरातल्या बसमध्ये कुठल्या थांब्यावर किती माणसं चढतात आणि किती उतरतात याची आकडेवारी मी करते. माझ्या बॉसने रजा दोनदा वाढवून दिली होती आणि तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा नुसतं ‘हम्म’ लिहून ईमेल पाठवली होती. तेव्हा जागा मिळाली तर नोकरी, नाही मिळाली तर कुत्रा, असा सरळ हिशेब होता.

‘माझ्याकडून हो,’ ह्वे म्हणाली. ‘पण आईला भेटावं लागेल.’

आई म्हणजे बा लिएन. बा म्हणजे त्यांच्यात आजी. ती मागच्या खोलीत खिडकीपाशी बसून मटारच्या शेंगा सोलत होती. पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, अंगात पुरुषी कार्डिगन, ऑगस्टमध्ये. तिने असूला मांडीवर घेतलं, कानामागे बघितलं, तळपाय दाबून बघितले, आणि ह्वेला काहीतरी सांगितलं. ह्वेने बिस्किटांचा एक जुना डबा आणला. डब्यात लहान मुलांची चांदीची कडी होती, पंचवीस-तीस तरी, काहींना बारीक घुंगरू. बाने त्यातलं एक निवडून असूच्या उजव्या मनगटात चढवलं आणि दाबून बसतं केलं.

‘सात दिवस,’ ह्वे म्हणाली. ‘काढायचं नाही. पांढरं राहिलं तर बाळ आमच्याकडे. काळं पडलं तर नाही.’

‘काळं का पडेल?’

‘बाळाच्या अंगात वाईट वारा असला तर चांदी तो ओढून घेते. मग काळी पडते. तसलं बाळ रडतं, दुसऱ्या तिघांना रडवतं. आई त्याला घरात घेत नाही.’

‘पण रजिस्ट्रेशन तुझ्या नावावर आहे ना?’

‘सर्टिफिकेट माझं आहे,’ ह्वे म्हणाली. ‘घर तिचं आहे.’

मी म्हटलं, आमच्यातही बाळाला चांदी घालतात, वाळे, कंबरेची साखळी, चांदीचं बोंडलं.

‘मग तुला सगळं माहीतच आहे.’

‘आमच्यात फक्त हौसेपुरतं.’

ह्वेने हे भाषांतर करून सांगितलं. बाने माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. मटार न बघता सोलत होती.

*

कडं घातलं सोमवारी. मंगळवारी सकाळी ते शिशाच्या पेन्सिलीच्या रंगाचं झालं होतं.

मी परीक्षितला उठवलं. परीक्षित विमानाच्या पंखांचं मटेरियल कुठे आणि कधी तडकेल ते बघण्याचं काम करतो. त्यामुळे घरात काही झालं की तो आधी शांत होतो, आणि मला त्याचाच राग येतो.

‘सल्फाइड,’ तो उशीतून म्हणाला. ऑगस्टभर त्याचं नाक बंद असतं, त्यामुळे ते ‘सल्फाइब’ असं ऐकू आलं. ‘चांदीला गंधक लागलं की होतं. अकरावीची केमिस्ट्री आहे.’

‘गंधक कुठून आलं?’

‘हवेतून.’

‘मग तिच्या पायातले वाळे पांढरे कसे? तीच हवा, तीच मुलगी.’

यावर तो उठून बसला.

संध्याकाळी सासूबाईंचा पुण्याहून रोजचा फोन आला. मी सांगितलं, आई, असूचं कडं काळं पडलं, इथल्या एक आजी म्हणतात अंगात वारा आहे.

‘बरोबर म्हणतायत त्या बाई,’ सासूबाई म्हणाल्या. ‘कुठल्या गं?’

‘व्हिएतनामच्या.’

‘असू देत. कळतंय त्यांना. हिंग लावतेस ना?’

हिंग मी लावत होतेच. सासूबाईंनी खडा हिंग आणि सहाण असं दोन्ही पार्सलने पाठवलं होतं. असूचं दूध झालं की सहाणेवर दोन थेंब पाण्यात हिंग उगाळायचा आणि बेंबीभोवती लावायचा, गॅस होऊ नये म्हणून. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण हेल्थ व्हिजिटरने, म्हणजे बाळाला तपासायला घरी येणाऱ्या नर्सने, बेंबीला काही लावू नका असं मला आधीच बजावलं होतं. आणि परीक्षितला सांगितलं असतं तर त्याने मला त्याच्या पद्धतीने शांतपणे प्रश्न विचारले असते.

‘किती वेळा लावतेस?’

‘तीनदा.’

‘वारा आहे म्हणतायत ना? पाचदा लाव.’

मी पाचदा लावायला लागले. गुरुवारपर्यंत कडं तव्यासारखं झालं.

*

शुक्रवारी कडं दाखवायला जायचं होतं, मधली तपासणी. मी जे केलं ते सांगायला नको, पण सांगते. बाथरूमचं दार लावून, असूला टॉवेलवर बसवून, तिच्या हातातलं कडं मी टूथपेस्टने घासलं. माझी आई दिवाळीला चांदीची भांडी अशीच घासते. कडं असं काही उजळलं की त्यात माझा चेहरा दिसत होता, आणि तो चेहरा कॉपी करणाऱ्या मुलीचा होता. बी.एस्सी. आणि एम.एस्सी. मिळून पाच वर्षांत मी कोणाच्या पेपरात डोकावलेलं नाही.

बाने असूचा हात धरला, कडं उलटंसुलटं केलं. मग नाकाजवळ नेलं आणि ह्वेला एक लांबलचक वाक्य सांगितलं. ह्वे हसू दाबत होती.

‘आई म्हणते, हिला अजून एकच दात आहे आणि ही दात घासते.’

मी असूचा हात सोडवून घेतला.

‘आई म्हणते, घाबरू नको, असं पुष्कळ जणी करतात. एकीने तर कार पॉलिशने केलं होतं. पण मोजणी पहिल्यापासून. रविवारपासून पुढचा रविवार.’

पुढचा रविवार म्हणजे दोन सप्टेंबर. त्यानंतर सोमवारच.

‘आणि यादीत एक जुळं आहे,’ ह्वे म्हणाली. ‘म्हणजे जागा एकच आहे, पण त्यातलं एक. त्यांची आई रोज फोन करते.’

जुळ्यातलं दुसरं कुठे जाणार होतं हे विचारायचं मला त्या वेळी सुचलं नाही. आता राहून राहून वाटतं, कुत्र्याकडे गेलं असेल का.

*

त्या आठवड्यात आमच्या घराची प्रयोगशाळा झाली. याची सुरुवात मीच केली, पण परीक्षितने ते हातात घेतलं, कारण त्याला कंट्रोल सॅम्पल नसलेला प्रयोग बघवत नाही. बारशात आलेल्या चांदीच्या नऊ वाट्या होत्या, फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या. एक बॉयलरच्या कपाटात ठेवली, एक फ्रिजमध्ये अंड्यांशेजारी. एक असूच्या पाळण्याखाली. एक लोकरीच्या दुलईत, कारण लोकरीत गंधक असतं असं तो म्हणाला. एक बगीच्या जाळीत, बाहेरची हवा मोजायला. बगी ढकलताना ती खणखणायची आणि लोक चिल्लर टाकायला बघायचे. एक सोफ्यावर. उरलेल्या खिडक्यांत. प्रत्येकीवर चिठ्ठी, तारीख, वेळ. मी तक्ता केला. सकाळ-संध्याकाळ नोंद.

वाट्या पांढऱ्याशुभ्र राहिल्या. सगळ्या. कडं सोमवारपर्यंत राखाडी, मंगळवारी काळं.

‘म्हणजे सोर्स हवेत नाही,’ परीक्षित म्हणाला. ‘घरात नाही. सोर्स फक्त तिच्या हाताजवळ आहे.’

‘म्हणजे तिच्या अंगात आहे.’

‘तसं मी म्हटलेलं नाही.’

‘बा तेच म्हणतात, तू तेच म्हणतोस, तुझी आई तेच म्हणते. फक्त शब्द वेगळे आहेत.’

त्याने तक्ता पुन्हा एकदा बघितला. मग मोठ्या गंभीरपणे म्हणाला, ‘दोघी सेम मेथड वापरतात का?’

मी हिंग सहा वेळा केला.

बुधवारी हेल्थ व्हिजिटर आली. ग्लेनिस नाव, कार्डिफची, मोठ्या मनाची बाई. सोफ्यावर बसायला गेली तर खाली वाटी. ती वाटी तिने हातात घेतली, चिठ्ठी वाचली, ‘सोफा, उत्तर बाजू’, आणि पुन्हा जागच्या जागी ठेवली. असूचं वजन केलं, उंची मोजली, तिच्या तब्येतीच्या वहीत, रेड बुकमध्ये, लिहिलं. सगळं उत्तम होतं. मग तिने बॅगेतून दुसराच कागद काढला.

‘आता थोडे तुझ्याबद्दल प्रश्न. गेल्या सात दिवसांत तुला विनाकारण भीती किंवा धास्ती वाटली का?’

‘विनाकारण नाही,’ मी म्हटलं. ‘कारण आहे.’

‘काय कारण?’

‘चांदी.’

तिने थोडा वेळ पेन हवेत धरलं. मग विचारलं, झोप कशी लागते? मी म्हटलं, बाळ छान झोपतं. ‘तुझी,’ ती म्हणाली. मी तिला सांगितलं की रात्री असूचा श्वास ऐकायला मी तासातासाने उठते, पण ते आठ महिने चाललंय आणि त्याचा चांदीशी संबंध नाही. तिने कागदावर काहीतरी लिहिलं. मी उलट्या बाजूने वाचायचा प्रयत्न केला. अक्षर डॉक्टरांसारखं होतं.

जाताना तिने माझा हात हातात घेतला आणि नाक किंचित आक्रसलं. लोकांची नाकं मी बघत असते. मला वाटलं, दया आली.

*

रविवारी दुपारी आम्ही तिघं ह्वेकडे गेलो. निघताना शेवटचा उपाय म्हणून मी हिंगाचा जाड लेप दिला. बगीत असू गाढ झोपली होती. दोन वळणं चालून गेल्यावर परीक्षित म्हणाला, ‘आपण तिला नापास झाल्याचं सांगायला घेऊन चाललोय, आणि ती मस्त आहे.’ मी म्हटलं, तू बोलू नकोस.

ह्वेच्या घरात मासळीच्या सॉसचा वास भरलेला असायचा. माझ्या अंगाला कसला येत असेल हा विचार मी केलाच नव्हता. दोन्ही बाजूंनी इतके दिवस सभ्यपणा चालला होता.

बाने असूचं काळं कडं काढलं. तक्ता मी बरोबर आणला होता, तो पुढे केला. बाने तक्ता घेतला, उलटा धरून बघितला, आणि त्याच्यावर मटारची सालं काढायला घेतली. मग तिने माझ्याकडे हात पसरला. मला वाटलं, काही द्यायचंय. तिने माझा उजवा हात ओढला, बोटं नाकाशी नेली, आणि डोळे मिटून हुंगली. पहिलं बोट, मधलं बोट. बराच वेळ. जणू आंबा पिकलाय का बघतेय.

ह्वेला तिने हुकूम सोडला. डबा आला. बाने दोन नवी कडी काढली, दोन्ही शुभ्र. असूचे हात आणि पोट साबणाने धुऊन एक कडं तिला घातलं. दुसरं माझ्या दोन बोटांत अडकवून दाबलं, जाडजूड अंगठीसारखं.

‘मला कशाला?’

‘बस,’ ह्वे म्हणाली. ‘चहा घे.’

आम्ही चहा घेतला. असू ह्वेच्या गालिच्यावर उलटीसुलटी होऊन एका लाकडी बदकामागे सरकत होती. परीक्षित आणि बा समोरासमोर बसले होते, एकमेकांची भाषा न येणारी दोन माणसं, आणि दोघंही दर थोड्या वेळाने माझ्या बोटांकडे बघत होती. मी कडं फिरवत बसले. काहीतरी फिरवल्याशिवाय मला बसता येत नाही. साडेतीन वाजले, चार वाजले. साडेचारला बाने दोन्ही हात शेजारी शेजारी ठेवायला लावले.

असूचं कडं दुधासारखं. माझं काळपट, आतल्या बाजूने तर निळसर काळं.

बा जे बोलली ते ह्वेने सांगायच्या आधीच मला कळलं होतं.

‘आई म्हणते, बाळ ठीक आहे. वारा तुझ्यात आहे.’

परीक्षित उठून माझ्याजवळ आला, माझा हात धरून बंद नाकाने हुंगायचा प्रयत्न केला, दोनदा शिंकला, आणि मग त्याच्या चेहऱ्यावर प्रकाश पडला.

‘सुनीती. तू हिंग लावतेस तिला?’

मी मान हलवली.

‘किती वेळा?’

‘सहा.’

‘हिंगात गंधक असतं,’ तो म्हणाला. ‘भरपूर. तू लावतेस, ती बेंबी खाजवते, कडं काळं होतं. ते काळं झालं की तू जास्त लावतेस.’ तो एकदम खूश दिसत होता, पंखातली चीर सापडल्यासारखा. ‘बाळात काही नाही. सगळं तुझ्या हातून...’

वाक्य त्याने पुरं केलं नाही, पण ते खोलीत पुरं झालं. मला रडू आलं. जोरात नाही. चहाच्या कपात बघून, असूला दिसू नये अशा बेताने.

ह्वेने हिंगाचं सगळं बाला सांगितलं असावं. बाने ऐकून घेतलं आणि हात झटकला, म्हणजे ते सगळं ठीक आहे, असेल गंधक, पण ते हातावर कोणी आणलं. माझ्यातला वारा काढायला तिने एक अंडं उकडायला लावलं. मला आतल्या खोलीत नेऊन पालथं झोपवलं. अंड्याचा पिवळा बलक काढून पांढऱ्या भागात चांदीचं एक जुनं नाणं ठेवलं, सगळं रुमालात बांधलं, आणि त्या गरम पुरचुंडीने माझी पाठ घासायला सुरुवात केली. मानेपासून खाली, फासळ्यांवरून बाहेर. सुरुवातीला भाजत होतं. बाचे हात लहान होते आणि त्यांना अजिबात दया नव्हती. दाराबाहेरून परीक्षितचा आवाज येत होता, ‘पण अंड्यातही गंधक असतं, नाणं काळं पडणारच,’ आणि ह्वे त्याला विचारत होती, ‘तुझीपण पाठ दुखते का? एक अंडं शिल्लक आहे.’

मी विचार करत होते की असूच्या गालिच्यावर छोटी वस्तू काही पडलेली नाही ना. बटण वगैरे. मग तो विचार अर्ध्यावर राहिला.

जाग आली तेव्हा खिडकीतलं ऊन समोरच्या घराच्या कौलांवर गेलं होतं. अंगावर कार्डिगन होतं. घड्याळात पावणेआठ. आठ महिन्यांत मी तीन तास सलग झोपले नव्हते आणि या वेळात असूचा श्वास एकदाही ऐकलेला नव्हता. धावत बाहेर आले. असू बाच्या मांडीवर बसून भाताची पेज खात होती, हनुवटीपर्यंत. परीक्षित उताणा झोपून घोरत होता. त्याचा शर्ट उलटा घातलेला होता.

बाने रुमाल उलगडून नाणं दाखवलं. गर्द निळं-काळं, मोराच्या मानेसारखं. मी परीक्षितकडे बघितलं. त्याने एक डोळा उघडला आणि सल्फाइड हा शब्द उच्चारला नाही.

‘जागा?’ मी विचारलं.

बाने ह्वेला विचारलं, ह्वेने बाला. मग ह्वेने नोंदवही काढली, आसावरीचं नाव लिहिलं, तारीख लिहिली. त्याखाली बाने बोट ठेवलं आणि आणखी एक नाव लिहायला लावलं. स्पेलिंग मला विचारलं. माझंच होतं.

*

सोमवारी मी असूला सोडलं. ती रडली नाही, तिने एकदाही मागे वळून बघितलं नाही, आणि याबद्दल मला कोणी काही विचारू नये. दारात बाने माझ्या मनगटात एक चांदीचं कडं चढवलं, मोठ्या माणसाचं, जड. ‘सात दिवस,’ ह्वे म्हणाली. ‘काढायचं नाही. टूथपेस्ट नाही.’

ऑफिसमध्ये मी बसमध्ये चढणाऱ्या माणसांचे आठ महिन्यांचे आकडे उघडून बसले आणि दर दहा मिनिटांनी मनगट बघत होते. अकराला सासूबाईंचा फोन आला, हिंग लावलास का. मी म्हटलं, आई, इथे असूला लावत नाहीत, मला लावतात. हे त्यांना समजायला वेळ लागला. मग म्हणाल्या, ‘बरं आहे की. तुझी तब्येत कुठे आहे तरी.’

साडेबाराला ह्वेचा फोन.

‘असू झोपली आहे,’ ह्वे म्हणाली. ‘वाटीभर जेवली. आई विचारते, तुझं कसं आहे?’

मी खिडकीपाशी जाऊन हात उजेडात धरला.

‘पांढरं आहे,’ मी म्हटलं. आणि मग, कारण त्या टूथपेस्टच्या पुदिन्याचा वास मला अजून आठवत होता, ‘कडेला किंचित पिवळं.’

पलीकडे दोघींचं बोलणं झालं. एक खुर्ची सरकली.

‘आई म्हणते, पाचला लवकर ये. अंडं पाण्यात टाकलंय.’